ऑस्ट्रेलियातील बर्फ आणि एक बोलका सोबती

ऑस्ट्रेलिया म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे कांगारू, मेंढरांचे कळप आणि तांबड्या मातीचे ओसाड माळ उभे राहतात. त्याच खंडात बर्फ पडतो, आणि तो वेळेवर पडावा म्हणून माणसे आपल्याकडील शेतकऱ्यासारखी आभाळाकडे टक लावून बसतात, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. २०२३ च्या जुलै महिन्यात आमचा काही आठवडे मुक्काम न्यू साउथ वेल्स राज्याच्या दक्षिणेस, कूमा ह्या गावाच्या बाजूला होता. तेथील एक गृहस्थ पन्नासाहून अधिक वर्षे बर्फावर स्की खेळत आले आहेत. एका शनिवारी ते आम्हांस आपल्यासंगे डोंगरावर घेऊन गेले. डोंगर व बर्फ ह्यांचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. ह्या गृहस्थांनी त्या दिवशी बर्फाविषयी आणि घरसंसाराविषयी सहज बोलता बोलता जी मते सांगितली, ती मात्र वाचकांपर्यंत पोहोचवावीत असे आम्हांस फार दिवस वाटत होते.

प्रथम त्या मुलखाविषयी थोडेसे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे. आपल्याकडे मे महिना सरून मृगाची चाहूल लागते, तेव्हा तेथे हिवाळा दारात येतो. जूनच्या दुसऱ्या सोमवारी राजाच्या वाढदिवसाची सुटी असते. त्या सुटीस बर्फाचा हंगाम सुरू झाला असे धरतात आणि तो ऑक्टोबरच्या आरंभीच्या कामगारदिनापर्यंत चालतो. म्हणजे आपला पाऊस आणि त्यांचा बर्फ जवळजवळ एकाच आठवड्यात अपेक्षित असतात, आणि वेळ पाळण्याच्या बाबतीत दोघांचाही लौकिक सारखाच!

ह्या डोंगररांगेस स्नोई पर्वत म्हणतात. तीतील कॉझिअस्को हे शिखर २२२८ मीटर उंच असून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर त्याहून उंच जागा नाही. १८४० साली एका पोलिश प्रवाशाने आपल्या देशाच्या एका सेनानीचे नाव त्यास दिले. आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे. तेव्हा हिमालय पाहिलेल्या माणसास हा डोंगर ठेंगणाच वाटेल. परंतु थंडीस उंचीचा मुलाहिजा नसतो. जवळच्या शार्लट पास येथे २९ जून १९९४ रोजी पारा शून्याखाली २३ अंशांपर्यंत उतरला होता. त्या देशातील तो नीचांक होय.

आम्हांस सर्वांत नवल वाटले ते झाडांचे. बर्फात उभी असलेली ती झाडे आपल्या ओळखीची निघाली! आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, माळावर जी निलगिरी लावतात तिचेच हे डोंगरी भावंड. वाऱ्याने बुंधे पिळवटलेले, साल ओली झाली की तीवर तांबूस, हिरवट, करडे पट्टे उमटलेले, आणि पाने मात्र ऐन हिवाळ्यातही हिरवी. युरोपातील बर्फाच्या चित्रांत झाडे निष्पर्ण किंवा सुचीपर्णी असतात. येथे निलगिरीच्या हिरव्या पानांवर पांढरा बर्फ बसलेला पाहून आपण दोन देशांत एकाच वेळी उभे आहोत असा भास होतो.

आता आमच्या सोबत्याविषयी. हे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, धंद्याने प्लंबर, अंगाने काटक आणि जिभेने सैल. त्यांचे वडील १९५१ साली इटलीच्या डोंगराळ भागातून येथे आले ते बोगदे खणावयास. १९४९ साली सरकारने ह्या पर्वतांतील नद्यांचे पाणी अडवून व वळवून वीज आणि शेतीस पाणी देण्याची एक प्रचंड योजना हाती घेतली. ती १९७४ साली पुरी झाली. सोळा धरणे, सात वीजघरे, सुमारे १४५ किलोमीटर बोगदे. आणि त्यांसाठी तीसहून अधिक देशांतून आलेले एक लाखाहून अधिक कामगार! नुकत्याच संपलेल्या महायुद्धात एकमेकांवर बंदुका रोखणारे लोक येथे एकाच बोगद्यात, एकाच दिव्याखाली खणीत होते. कामावर १२१ माणसे दगावली. जुने जिंडाबाइन गाव १९६७ च्या सुमारास तलावाखाली गेले आणि नवे गाव वरच्या अंगास वसले. आम्ही त्या तलावाच्या काठाने गेलो तेव्हा सोबत्याने गाडीचा वेग कमी केला व म्हटले, “फादर, माझ्या आईने पहिली शिवणयंत्राची सुई ह्या पाण्याखालच्या दुकानात घेतली.” एवढेच बोलून त्यांनी पुन्हा वेग वाढविला.

अर्धा दिवस ते आम्हांस ‘फादर’ म्हणत होते. दुपारनंतर ‘मेट’ म्हणू लागले. मेट म्हणजे गडी, सोबती. तेथे न्यायाधीशासही मेट म्हणतात आणि कचरागाडी हाकणाऱ्यासही. ह्यात अनादर मुळीच नाही, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांनी ध्यानी घ्यावे.

बर्फाच्या सहलीविषयीची त्यांची मते गाडीतच सुरू झाली. पहिले मत साखळ्यांविषयी. दोन चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीने हंगामात ह्या राष्ट्रीय उद्यानात जावयाचे तर चाकांस घालावयाच्या लोखंडी साखळ्या बरोबर असल्याच पाहिजेत, असा कायदा आहे. “साखळ्या सगळेच आणतात,” ते म्हणाले, “पण त्या घालावयास शिकतात केव्हा? रात्री, वादळात, रस्त्याच्या कडेला, बायको विजेरी धरून उभी आणि मुले मागे रडताहेत, तेव्हा! अहो, आपल्या अंगणात, उजेडी, कोरड्या जमिनीवर दोनदा घालून पाहा. मग डोंगरावर संसार मोडायची पाळी येत नाही.” दुसरे मत डिझेलविषयी. साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखे थिजते, म्हणून वर जाण्यापूर्वी डोंगरी मिश्रणाचे डिझेल भरावे. तिसरे, गाडी रात्रभर उभी करताना हाताचा ब्रेक ओढून ठेवू नये. तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि काच पुसण्याच्या दांड्या उभ्या करून ठेवाव्या. हे सर्व ते अशा गांभीर्याने सांगत होते की मागील बाकावर बसलेला त्यांचा सात वर्षांचा नातू प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द त्यांच्याआधीच उच्चारीत होता.

थ्रेडबो हे गाव १३६५ मीटर उंचीवर, एका अरुंद दरीच्या कुशीत आहे. समोरच्या डोंगरावर तारेला टांगलेल्या खुर्च्या अखंड वर जात असतात. स्की म्हणजे पायांस बांधावयाच्या लांब, अरुंद, टोकाशी वर वळलेल्या दोन फळ्या. त्या बांधून वरून खाली घसरत यावयाचे, आणि पुन्हा खुर्चीत बसून वर जावयाचे. सर्वांत लांब वाट सुमारे सहा किलोमीटरांची आहे. ह्या खेळाचे तेथील मूळ जुने आहे. १८५९ साली उत्तरेकडील कियांड्रा येथे सोने सापडले आणि खाणकामासाठी आलेल्या नॉर्वेच्या लोकांनी कुंपणाच्या फळ्या तासून पायांस बांधल्या. १८६१ पर्यंत तेथे त्यांचे मंडळही झाले होते. सोने लौकरच आटले. फळ्या राहिल्या.

आम्ही गेलो त्या दिवशी बर्फ बेताचाच होता. खालच्या उतारांवर पिवळट गवत उघडे पडले होते आणि त्यामधून यंत्राने केलेल्या बर्फाचा एक पांढरा पट्टा, धोब्याने वाळत घातलेल्या धोतरासारखा, खाली आला होता. पाणी व दाबलेली हवा एकत्र फवारून थंडीत हा बर्फ तयार करतात. परंतु त्यासही थंडी पुरेशी लागते. ती नसेल तर यंत्रे मुकाट उभी राहतात. सोबती उतारापाशी वाकले, मूठभर बर्फ उचलून पिळला, आणि त्यातून पाणी गळू लागताच तोंड वाकडे केले. “सिमेंट,” ते म्हणाले. समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्यामुळे तेथील बर्फ ओला व जड असतो. सकाळी तो तव्यासारखा टणक, आणि दुपारी पाणी जास्त झालेल्या कणकेसारखा. “जपानात पडतो तो बर्फ पिसासारखा. तेथे कोणीही राजा होईल. येथे जो शिकला तो कोठेही उभा राहतो.” ही बढाई आहे काय? असेलही. आपल्या खडकाळ शेताविषयी असेच बोलणारे शेतकरी आम्हांस पुष्कळ ठाऊक आहेत.

नातवास ते प्रथमच फळ्यांवर उभे करीत होते. त्यापूर्वी मोज्यांचे प्रकरण झाले. मुलाच्या आईने काळजीपोटी लोकरीचे दोन जोड एकावर एक चढविले होते. आजोबांनी एक जोड काढून खिशात घातला. दोन मोज्यांना आत सुरकुत्या पडतात, पाय चेपतो, रक्त खेळत नाही आणि थंडी अधिकच वाजते; तेव्हा एकच जोड, पण चांगला. मग त्यांनी मुलास प्रथम पडावयास शिकविले. उभे राहणे नंतर. बाजूस, कमरेवर, हात मोकळे ठेवून पडावयाचे. दहा वेळा पाडल्यावर मुलाची भीती गेली आणि तो आपणहून पडू लागला, तेव्हा आजोबांनी त्यास उतारावर नेले.

तेथे आम्ही एक गोष्ट पाहिली ती अजून आमच्या मनात आहे. नवखा माणूस उतार पाहून घाबरतो आणि शरीर मागे, डोंगराकडे झुकवितो. ते स्वाभाविकच आहे. परंतु मागे झुकले की फळ्यांच्या पुढल्या टोकांवरचा भार नाहीसा होतो, त्या वळेनाशा होतात आणि माणूस अधिकच वेगाने खाली जातो. ताबा हवा असेल तर छाती पुढे, त्या भीतीच्याच दिशेस झुकवावी लागते. आजोबा मुलापुढे उलटे घसरत हात पुढे करून सांगत होते, “माझ्याकडे ये, डोंगराकडे नको!” पोराने चार-पाच वेळा डोंगराचाच आश्रय घेतला. सहाव्यांदा तो पुढे झुकला आणि एक मोठे वळण घेऊन थांबला. त्याच्या मुखावरील आश्चर्य आम्ही शब्दांत मांडू शकत नाही.

आम्ही स्वतः फळ्या बांधल्या नाहीत. खुर्चीत बसून मात्र वर जाऊन आलो. त्या खुर्चीविषयीही सोबत्याचे एक मत आहे: शेजारी कोण बसेल हे आपल्या हाती नसते आणि दहा मिनिटे पळताही येत नाही, म्हणून जगात माणसांशी बोलण्यासाठी ह्याहून चांगली जागा नाही. त्यांच्या थोरल्या मुलाचे लग्न ह्याच खुर्चीवरील ओळखीतून झाले. “हल्ली मात्र निम्मी माणसे फोनमध्ये पाहतात,” असे म्हणून त्यांनी एक सुस्कारा सोडला.

२००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरील एका शर्यतीत स्टीव्हन ब्रॅडबरी हा ऑस्ट्रेलियन सर्वांच्या मागे होता. शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही एकमेकांवर आदळून पडले आणि हा मागून शांतपणे येऊन सुवर्णपदक घेऊन गेला. त्या देशाचे ते हिवाळी खेळांतील पहिले सुवर्ण. लोक अजून हसतात. आमचे सोबती हसत नाहीत. “त्याची एकदा मांडी फाटली, दुसऱ्यांदा मान मोडली. एवढे होऊनही तो त्या दिवशी तेथे उभा होता. नळ दुरुस्तीतही असेच असते, मेट. निम्मे काम वेळेवर हजर राहण्याचे.”

जेवण त्यांच्या पत्नीने बांधून दिले होते. डोंगरावरील उपाहारगृहाची पाटी वाचून त्यांनी डोळे मिटले व डबा उघडला. दिवसभर खुर्च्यांवर बसण्याच्या तिकिटासच तेव्हा मोठ्या माणसाला दोनशे डॉलरांच्या आसपास पडत. “माझा बाप बोगद्यात काम करीत होता आणि आम्ही तिघे भाऊ बर्फावर येत होतो. आज प्लंबरास जमते, कारण प्लंबर लुटारू असतात,” असे ते हसत म्हणाले, “पण शिक्षकास विचारा!” पूर्वी ही माणसे मंडळे स्थापून स्वतःच्या हातांनी लाकडी निवास बांधीत. अशा निवासांत नोकर नसतो. पाळी लावून स्वयंपाक, भांडी, झाडलोट सभासदच करतात. डॉक्टरसाहेब भांडी घासताहेत आणि सुतार पुसताहेत, हे दृश्य तेथे नवे नाही. आमच्या सोबत्यापाशी वडिलांच्या वेळेपासूनचे असे एक सभासदत्व आहे. वर्गणी दरवर्षी वाढते आणि बर्फाचा भरवसा कमी होत चालला आहे. त्यांचे दोन्ही मुलगे म्हणतात, आता ते सोडून द्यावे. हे सांगताना ते प्रथमच थोडे थांबले. स्वतःचे मत मात्र त्यांनी ह्या एका विषयावर दिले नाही.

दुपारनंतर ते आम्हांस गावातील एका स्मारकापाशी घेऊन गेले. ३० जुलै १९९७ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास रस्त्याखालचा भराव खचून दोन निवासांवर कोसळला आणि अठरा माणसे गाडली गेली. स्टुअर्ट डायव्हर हा स्की शिकविणारा तरुण तेवढा सुमारे ६५ तासांनंतर ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. त्याची पत्नी त्याच्या शेजारीच गेली होती. पुढे चौकशीत निष्पन्न झाले की रस्त्याच्या भरावातील पाण्याच्या नळास गळती लागून माती भिजत राहिली होती. सोबत्याने टोपी काढली. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, “गळती, फादर. नळाची गळती. तेव्हापासून मी कोणाची गळती उद्यावर टाकलेली नाही. लोक म्हणतात, थेंबथेंब तर पडते आहे, पुढच्या आठवड्यात या. मी त्याच संध्याकाळी जातो.”

आम्हांस त्या क्षणी बोलवेना. दोनच दिवसांपूर्वी आमच्या हाती स्वदेशीची वार्ता आली होती. १९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती आणि ढिगारा उपसणे अद्याप चालू होते. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर आला तो दिवसही ३० जुलैच, २०१४ सालचा. आम्ही हे सोबत्यास सांगितले. त्यांनी विचारले, “तुमच्या गावाजवळ?” आम्ही म्हणालो, “गाव दूर आहे. भाषा आमची आहे.” त्यांनी मान हलविली. मग त्या लोकांपाशी यंत्रे पोहोचली काय, हे त्यांनी विचारले. इर्शाळवाडीस यंत्र न्यावयास रस्ताच नव्हता, माणसे पायी डोंगर चढून हातांनी माती काढीत आहेत, असे आम्ही सांगितले. नातू आमच्याकडे व आजोबांकडे आळीपाळीने पाहत होता. आजोबांनी त्यास उचलून खांद्यावर घेतले, आणि तो सात वर्षांचा असूनही गाडीपर्यंत खाली ठेवला नाही.

परतताना बोलणे पुन्हा बर्फावर आले. स्पेन्सर्स क्रीक नावाच्या एका जागी, १८३० मीटर उंचीवर, १९५४ पासून दर हंगामात बर्फाची खोली मोजतात. १९८१ साली ती ३६१ सेंटीमीटरपर्यंत गेली होती. २००६ साली सर्वांत जास्त भरली ती अवघी ८५. वर्षे वरखाली होतात, हे आमचे सोबती जाणतात; तरी एकंदर ओघ उताराचाच आहे, हेही ते नाकारीत नाहीत. जानेवारी २०२० च्या वणव्यात उत्तरेकडील सेल्विन हे लहान कुटुंबांचे आवडते स्कीस्थान जळून गेले, आणि त्याच वणव्यात कियांड्र्याची जुनी कचेरीही गेली. सेल्विन पुन्हा बांधून आम्ही तेथे होतो त्याच वर्षी, २०२३ मध्ये, उघडले. “बर्फाचे गाव आगीत जळते,” सोबती म्हणाले, “हे माझ्या बापास सांगितले असते तर त्याने माझ्या कपाळास हात लावून ताप पाहिला असता.”

ह्या पर्वतांत एक मूठभर आकाराचा प्राणी आहे, पिशवीत पिले वाढविणारा. तो थंडीत बर्फाच्या थराखाली, दगडांच्या फटींत झोपून राहतो; वरचा बर्फच त्याचे पांघरूण. फार पूर्वी नामशेष झाला असे पंडित समजत होते, त्यांस त्याची जुनी हाडेच काय ती ठाऊक होती. १९६६ साली शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातील माउंट हॉथम येथे स्की खेळणाऱ्यांच्या एका निवासात तो जिवंत सापडला! नातवास ही गोष्ट पाठ होती आणि तीच त्याने आम्हांस दोनदा सांगितली. बर्फ नाही पडला तर तो काय पांघरील, असे त्याने आजोबांस विचारले. इतर सर्व विषयांवर ज्यांचे मत तयार असते ते आजोबा तेव्हा रस्त्याकडे पाहत राहिले. संध्याकाळ झाली होती आणि कांगारू रस्त्यावर येण्याची ती वेळ.

घरी पोहोचल्यावर त्यांनी आम्हांस आपली अवजारांची खोली दाखविली. दाराच्या आतल्या अंगास पेन्सिलीने ओळीने तारखा लिहिलेल्या होत्या, १९७४ पासूनच्या. प्रत्येक वर्षी पहिला चांगला बर्फ पडला तो दिवस. त्या दिवशी ते आजारी असल्याचे कामावर कळवून डोंगर चढत असत. तेथे ह्या खोट्या आजारपणास एक लाडके नावही आहे. “हे पापनिवेदन समजू नका हं, फादर,” ते घाईने म्हणाले. आम्ही तारखा वाचीत गेलो. वरच्या ओळींत जून महिना पुष्कळ वेळा होता. खालच्या ओळींत जुलै अधिक दिसू लागला होता, आणि एका वर्षापुढे नुसती रेघ होती.

पुढील वर्षी जून महिन्यात त्यांचे पत्र आले. सभासदत्वाची वर्गणी एका वर्षापुरती भरली आहे, मुलांस अद्याप सांगितलेले नाही, असे त्यांनी लिहिले होते. नातवाच्या पायास आता दोन मापे मोठे बूट लागतात. बर्फ अजून पडलेला नाही. तुमच्याकडे पाऊस लागला काय, आणि त्या डोंगरावरच्या लोकांस घरे मिळाली काय, अशी दोन्ही विचारपूस त्यांनी एकाच ओळीत केली होती.